सावरखुट्याची गाडी

दिवेलागणीची वेळ जवळ आली की मल्हाररावांना गाडी गाठायची असे.

एरवी दिवसभर म्हातारा मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात गुमान बसून राही. दिलं ते खाई, विचारलं तर हसे, सून अक्षदा केस विंचरायला आली तर लहान मुलासारखी मान पुढं करी. पण ऊन भिंतीवरून उतरून अंगणातल्या नळापर्यंत आलं, की त्यांना बसवेनासं होई. ते उठत, खुंटीवरचं घोंगडं खांद्यावर टाकत आणि बायकोला हाक मारत.

"बानाबाई, भाकरी बांध. बन्सी खोळंबला असंल. एकट्याला वाघर लावता येत न्हाय त्याला."

वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची दोरांची जाळी. ती लावायला दोन माणसं लागतात, एक खुंट्या ठोकायला आणि एक मेंढरं आवरायला. बन्सी म्हणजे मल्हाररावांचा धाकटा भाऊ. आता अडचण एवढीच होती की मेंढरं कधीच विकून झाली होती, वाघर उंदरांनी कुरतडून संपवली होती आणि बन्सीला जाऊन तीस-पस्तीस वर्षं उलटली होती.

हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. सांगितलं की ते लालबुंद होत. "जित्या माणसाला मारतूस व्हय रं?" असं म्हणून एकदा त्यांनी पोराच्या अंगावर काठी उगारली होती. डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार, वाद घालू नका. वाद घालतंय कोण? बानाबाई तर मुकाट्यानं दोन भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून त्यांच्या हातात देत होती. लग्न झाल्यापासून ती ते गाठोडं बांधत आली होती, आता न बांधायला काय झालं, इतका तिचा विचार सरळ होता.

पूर्वी, रूळ अरुंद होते आणि काळं इंजिन धूर सोडत यायचं तेव्हा, करमाडच्या अलीकडं सावरखुटा नावाचा एक थांबा होता. त्या बाजूच्या शेतांत बन्सी मेंढरं बसवायचा, कारण लेंडीखतासाठी शेतकरीच त्याला बोलवून घ्यायचे. मल्हारराव दिवसा धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं भावाची भाकरी घेऊन जायचे. रात्र तिथंच काढून सकाळी परत. त्यांच्यात एक रीत होती. मेंढरांमागं असलेल्या माणसाच्या आधी भाकरी आणणाऱ्यानं घास घ्यायचा नाही. दोघं भाऊ एकदम जेवायचे. पुढं रूळ रुंद झाले, नव्या गाड्यांना असल्या ठिकाणी थांबायला सवड उरली नाही आणि सावरखुट्याचा थांबा बंद पडला. हे सगळं मल्हाररावांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. शिल्लक राहिली ती फक्त संध्याकाळ.

आणि घर कुठं, तर रुळापासून दोन गल्ल्या सोडून! एका संध्याकाळी अक्षदाचा डोळा चुकवून ते निघाले ते थेट रुळांच्या मधोमध जाऊन उभे राहिले, एका हातात गाठोडं आणि दुसरा हात वर करून, येणाऱ्या एक्स्प्रेसला थांबायची खूण करत. रुळाचं काम करणाऱ्या माणसांनी त्यांना अक्षरशः उचलून बाजूला केलं. त्या दिवसापासून संध्याकाळी दाराला कुलूप लागलं. मग ते दारावर धडका द्यायचे, हात जोडायचे, सुनेच्या पाया पडायला वाकायचे. "पोरी, तुह्या बापासारखा हाय मी, जाऊ दे गं." अक्षदा स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. आणि जेवण? बन्सीच्या आधी जेवायचं कसं, म्हणून रात्री ते पाण्याखेरीज कशालाच शिवायचे नाहीत.

आदिनाथ, त्यांचा एकुलता एक मुलगा, सिडकोतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा. पुढाऱ्यांचे वाढदिवस, बारशी, उद्घाटनं, भावपूर्ण श्रद्धांजल्या, सगळं एकाच खुर्चीत बसून. संध्याकाळी दुकानात गर्दीची वेळ आणि घरून अक्षदाचा फोन, यात तो पार बेजार झाला होता. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणारा रामप्रसाद हा मात्र सुखी प्राणी. काम नसलं की तो आगगाडीचा सिम्युलेटर लावून बसे. पडद्यावर इंजिन, रूळ, सिग्नल, आणि हा पठ्ठ्या लिव्हर ओढत कुठल्याशा परक्या देशातून गाडी हाकतोय. वर गाडी वेळेवर पोचली की खऱ्या ड्रायव्हरपेक्षा जास्त आनंद याला व्हायचा.

एकदा आदिनाथ त्याच्या पाठीमागं उभा राहिला. गाडीच्या डब्यातूनही बाहेरचं दिसायची सोय होती. खिडकी, आणि खिडकीतून मागं पळणारी शेतं.

"यात आपली जुनी गाडी चालवता येईल का?" त्यानं विचारलं. "ती छोट्या रुळाची?"

"तयार कुठून मिळणार? बनवावी लागंल. पण त्याचं सॉफ्टवेअर लई सोपंय भौ, नवख्या माणसासाठीच काढलंय. ठोकळे ओढायचे, जोडायचे, रंग द्यायचा. तू तर डिझाइनवाला."

सॉफ्टवेअर खरंच सोपं होतं. एक ठोकळा ओढून लांब केला की डबा. त्याला चौकोन पाडले की खिडक्या. चाकं तयार मिळत, ती खाली नेऊन चिकटवायची. फोटो असला तर तो पातळ कागदासारखा डब्यावर डकवता येई आणि ठोकळा एकदम खरा दिसू लागे. पुढारी उंच आणि बारीक करण्यात आदिनाथची हयात गेलेली, त्याला हे काय अवघड! दुकान बंद व्हायच्या आधी आणि रविवारी दिवसभर बसून त्यानं गाडी उभी केली. काळं इंजिन, मागं विटकरी रंगाचे डबे, आत लाकडी पट्ट्यांची बाकं, खिडक्यांना आडवे गज. घरच्या कॉम्प्युटरवर ती गाडी घेतली, म्हाताऱ्याला पडद्यासमोर खुर्ची दिली आणि म्हणाला, "आबा, चला. गाडी लागली."

मल्हाररावांनी गाडी रुळावर उभी पाहिली. बारकाईनं पाहिली. मग ते खुर्चीवरून उठले.

"ही आपली न्हाय. ही लई फताडी हाय."

आदिनाथनं कपाळाला हात लावला. सॉफ्टवेअरमधली तयार चाकं रुंद रुळाची होती आणि त्यानं डबे त्या चाकांच्या मापानं केले होते. चाकांचं अंतर कमी करायची एक साधी पट्टी होती, ती त्यानं आत सरकवली. डबे अंगानं बारीक केले. रूळही अरुंद घेतले. मग उरली बाहेरची दुनिया. सिम्युलेटरमधल्या शेतांत टोकदार झाडं होती, लांब डोंगरावर बर्फ होता आणि गाई इतक्या धष्टपुष्ट की आपल्याकडं त्यांना बैलगाडीत घालून न्यावं लागलं असतं. त्यानं बर्फ पुसला, गाई हाकलल्या, बाभळी आणि लिंब लावले, ज्वारीच्या शेताचा फोटो जमिनीवर अंथरला. इंजिनाचा आवाज रामप्रसादनं कुठूनसा मिळवून दिला.

दुसऱ्यांदा मल्हारराव पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहराच पालटला. त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, हात जोडून गाडीच्या पाया पडल्यासारखं केलं, खुर्चीत बसले आणि गाठोडं मांडीवर घेतलं. आदिनाथनं खिडकीचं दृश्य लावलं. शिट्टी झाली. बाभळी मागं सरकू लागल्या.

"हां," म्हातारा म्हणाला. त्या एका 'हां'मध्ये इतकी सुटका होती की दारात उभ्या असलेल्या अक्षदाला भडभडून आलं.

त्या दिवसापासून घरातली संध्याकाळ बदलली. ऊन नळापाशी आलं की गाठोडं, घोंगडं आणि गाडी. मल्हारराव खिडकीतून बघत बसत, मधूनच शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळून कुणाला तरी सांगत, "यंदा जवारी बरी हाय." बघता बघता त्यांचा डोळा लागे. मग अक्षदा हलकेच कॉम्प्युटर बंद करी आणि त्यांना उठवून म्हणे, "मामा, बन्सीकाका जेवले. तुम्हीच राहिलात." आपण जाऊन आलो असंच त्यांना वाटे. "जेवला का? बरं झालं," म्हणून ते ताटावर बसत आणि पोटभर जेवत. दाराचं कुलूप सुटलं. म्हाताऱ्याच्या गालावर मांस आलं. आदिनाथ दुकानात चक्क गाणं गुणगुणू लागला.

हे असंच चालू राहिलं असतं तर गोष्टच झाली नसती. पण एका संध्याकाळी मल्हाररावांना झोप आली नाही. ते गजांतून बाहेर बघत राहिले, बघत राहिले, आणि मग पोराकडं वळून अगदी शहाण्या माणसासारखे म्हणाले, "ही गाडी पोचायचीच न्हाय का रं?"

आदिनाथला ते लागलं. खरंच की. गाडी त्यानं एका मोठ्या वळशात फिरवली होती. तीच शेतं, त्याच बाभळी, पुन्हा पुन्हा. बापाला आपण घाण्याला जुंपल्यासारखं फिरवतोय असं त्याला वाटलं. शिवाय, खोटं कशाला बोला, गाडी इतकी फक्कड जमली होती, रामप्रसादनं ती सिम्युलेटरवाल्यांच्या ग्रुपवर टाकल्यावर इतके अंगठे वर झाले होते, की पठ्ठ्याचे हात शिवशिवत होते. त्यानं ठरवलं, आबांना सावरखुट्याला पोचवायचं.

बानाबाईला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "नको पोचवूस. चालू दे की तशीच."

"अगं माय, रोज निघतात आणि कधीच पोचत नाहीत. बरं दिसतं का ते?"

"माणूस वाटंला लागलं की निवांत असतं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीत हात घातला.

बाईमाणसाला यातलं काय कळतं, असं काही आदिनाथ तोंडानं म्हणाला नाही. मनात म्हणाला असेल.

सावरखुट्याचा फोटो कुठंच मिळाला नाही. मग त्यानं बापालाच विचारलं. आणि काय नवल, सकाळी काय खाल्लं ते न सांगता येणारा हा माणूस सावरखुट्याबद्दल घडाघडा बोलू लागला. फलाट कसला, मातीचा उंचवटाच. पत्र्याची शेड, तिच्या एका कोपऱ्याचा पत्रा उचकटलेला. पाण्याची टाकी. तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं मेंढरं उभी. टाकीच्या अंगाला लिंब, त्याची एक फांदी शेडवर आलेली. "आन् लिंबाखाली दगड हाय. त्याच्यावर बन्सी बसतो. गाडी दिसली की उठतो."

आदिनाथनं सगळं केलं. पत्र्याचा कोपरा उचकटला. लिंबाची फांदी शेडवर आणली, ती जमेपर्यंत तीनदा मोडली. दगडावर त्यानं हर्सूल तलावाच्या काठच्या खऱ्या दगडाचा फोटो डकवला आणि तो असा झाला की हात लावावासा वाटावा. माणसं तेवढी राहिली. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं होती, पण ती कोट-टोपी घातलेली, हातात पेटी घेतलेली, आणि मेंढरं म्हणजे कापसाचे पांढरे गोळे. सावरखुट्याला ती सोंगं बरी दिसेनात. त्यानं ती सगळी काढून टाकली. माणूस नव्यानं करणं नवख्याचं काम नव्हे, असं रामप्रसादही म्हणाला. आणि स्टेशन कसं रिकामं, स्वच्छ, देखणं दिसत होतं!

त्या संध्याकाळी आदिनाथ दुकानातून लवकर आला. म्हातारा खिडकीशी बसला. पोरानं एका हातात मोबाइल धरून व्हिडिओ चालू केला, रामप्रसादला दाखवायला. अक्षदा भिंतीशी उभी राहिली, बानाबाई मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबली. गाडी निघाली. बाभळी सरल्या, ज्वारी सरली, आणि इंजिनानं शिट्टी देऊन वेग कमी केला. खिडकीत आधी पाण्याची टाकी आली.

मल्हारराव ताठ झाले. "आलं," ते म्हणाले. "सावरखुटं आलं. ए, आलं!" त्यांनी घोंगडं सावरलं, गाठोडं छातीशी धरलं आणि ते उभे राहिले. बापाच्या चेहऱ्यावर असा आनंद आदिनाथनं जन्मात पाहिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं मोबाइल बापाच्या चेहऱ्याकडं वळवला.

गाडी थांबली. खिडकीत नेमका लिंब होता, आणि लिंबाखाली दगड.

मल्हारराव वाकले. पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं.

"बन्सी?"

अक्षदानं नवऱ्याकडं पाहिलं.

"दगड मोकळा हाय," ते म्हणाले. "मेंढरं बी न्हाईत." त्यांनी पडद्यावर, दगडाच्या जागी, बोटं टेकवली. मग आवाज न चढवता, कुणाला दोष न देता म्हणाले, "गेला. उशीर झाला मला."

ते खाली फरशीवर बसले आणि गाठोडं त्यांनी शेजारी ठेवलं. रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं.

आदिनाथनं घाईघाईनं गाडी सुरू केली, बाभळी आणल्या, ज्वारी आणली. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. शेवटी त्यानं आईकडं पाहिलं. बानाबाई उंबऱ्यावरच खाली बसली होती.

"त्या दिशी यांची गाडी चुकली," ती म्हणाली. "मोंढ्यातलं काम उरकलं न्हाय. बन्सीभावजी एकलेच वाघर लावू लागले, आन् पान लागलं."

गावाकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. एवढं आदिनाथलाही माहीत होतं. चुलता साप चावून गेला हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. पुढचं ऐकलं नव्हतं.

"हे दुसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं गेले. भाकरी घेऊन. गावच्यांनी रातीच भावजींना उचलून नेलं होतं, मेंढरं बी हाकून नेली होती. हे उतरले तर दगड मोकळा. अस्साच." तिनं पडद्याकडं बोट केलं, जिथं आता नुसत्या बाभळी पळत होत्या. "तिथंच कळलं यांना. कुणी सांगायच्या आधी."

"मला कामून सांगितलं न्हाईस, माय?" शहरात धुऊन निघालेली त्याची बोली अशा वेळी आपोआप परत यायची.

"तू इचारलंस का? तू लिंबाच्या फांद्या इचारल्यास."

बापानं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, दगडावर बन्सी बसतो. त्यानं दगड केला, बसणारा सोडून दिला. का, तर स्टेशन छान दिसत होतं.

त्या रात्री अक्षदा ताट घेऊन गेली आणि नेहमीसारखं म्हणाली, "मामा, बन्सीकाका जेवले." मल्हाररावांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं. "तो नव्हता तिथं, पोरी. जेवलं कोण?"

लोकांनी सांगितलेलं त्यांनी या आजारात एकदाही मानलं नव्हतं, आणि सकाळचं संध्याकाळी विसरणारा हा माणूस डोळ्यांनी पाहिलेलं काही विसरेना. डॉक्टरांनाही ते कोडं उलगडलं नाही. ऊन नळापाशी येई, नळावरून निघून जाई, पण ते उठत नसत. खुंटीवरचं घोंगडं खुंटीवरच राही. बानाबाई सवयीनं भाकरी बांधून जवळ ठेवी आणि ते ती हलकेच बाजूला सरकवत. "आता कितीक शांत झालेत तुमचे आबा," शेजारपाजारचे कौतुकानं म्हणत, तेव्हा आदिनाथला वाटे की यांची तोंडं बंद करावीत. रात्रीचं जेवण तुटलं ते तुटलंच. हळूहळू दिवसाचंही कमी होत गेलं.

आदिनाथ पिसाटासारखा कामाला लागला. नवख्याचं काम नव्हे तर नव्हे, त्याला बन्सी करायचा होता. फोटो एकही नव्हता. तो आईपुढं बसे आणि विचारी, आणि या वेळी फांद्या सोडून सगळं विचारी. बन्सी कसा उभा राहायचा? एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून, काठीवर रेलून. पटका कसला? गुलाबी, पण उन्हानं पार विटलेला. उजवा खांदा थोडा पडका, कारण लहानपणी झाडावरून पडून हात मोडला होता. ठोकळा ठोकळा जोडून त्यानं तो खांदा खाली आणला. मेंढरं केली, काळी, हडकुळी, लोंबत्या कानांची. सगळ्यांत अवघड होतं ते बन्सीला हसवणं. मोबाइलमधला तो व्हिडिओ उघडायची त्याला हिंमत झाली नव्हती, पण शेवटी त्यानं उघडला, गाडी थांबायच्या आधीचा बापाचा चेहरा पाहिला आणि तो आनंद बन्सीच्या ओठांना दिला.

"आबा, चला. गाडी लागली. बन्सीकाका आलाय."

"ती नको," मल्हारराव म्हणाले. "ती उशिरा पोचती."

त्यानं विनवलं. खुर्ची त्यांच्या पलंगापाशी ओढली, पडदा त्यांच्यासमोर आणला, गाडी थेट सावरखुट्यालाच उभी केली. बन्सी लिंबाखाली उभा, मागं मेंढरं. फक्त एकदा बघायचं होतं. मल्हाररावांनी डोळे मिटून घेतले आणि पोराचा हात हातात घेऊन थोपटला, जणू समजूत पोराचीच काढायची होती.

ऐन थंडीत एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. आदिनाथनं आयुष्यात कितीतरी श्रद्धांजल्या डिझाइन केल्या होत्या, पण बापाचा फोटो समोर घेऊन बसला आणि त्याला साधी किनारसुद्धा ओढता येईना. रामप्रसादनं माऊस त्याच्या हातातून काढून घेतला आणि ते काम स्वतः पुरं केलं.

दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे पांगले. संध्याकाळी ऊन नळापाशी आलं होतं. आदिनाथ नुसता बसला होता. बानाबाई स्वयंपाकघरातून आली, हातात गाठोडं. आदिनाथ धडपडून उठला. आता मायसुद्धा?

पण तिचे डोळे स्वच्छ होते. ती आबांच्या खुर्चीत बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चालव."

त्यानं गाडी सुरू केली. बानाबाईनं आजवर या पडद्याकडं धड पाहिलंच नव्हतं. आता ती बाभळी बघत होती, ज्वारी बघत होती. टाकी आली. लिंब आला. गाडी थांबली, आणि समोर बन्सी उभा होता, एका पायावर, काठीला रेलून, हसत.

तिनं पडद्यावरच्या त्या पडक्या खांद्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "खांदा तस्साच केलास रं."

बोट मागं घेतलं आणि म्हणाली, "आता उठव भावजींना तिथनं."

"म्हणजे?"

"वाघर लावायला दुसरा माणूस पोचला की आता. कामून उभं ठेवायचं त्यांना? लई दिस वाट बघितली."

आदिनाथनं माऊस हातात घेतला. मग त्यानं सॉफ्टवेअर उघडलं. बन्सीवर बाण नेला. नक्की काढून टाकायचं का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. त्याच्यानं बटण दाबवेना. बानाबाईनं आपला खरबरीत हात त्याच्या हातावर ठेवला आणि बटण दोघांनी मिळून दाबलं. मग मेंढरं, एकेक करून. सगळ्यात मागचं काळं कोकरू तिनं थोडं थांबवून पाहिलं आणि मग मान हलवली.

गाडी पुन्हा सुरुवातीपासून निघाली. पुन्हा टाकी, पुन्हा लिंब. गाडी थांबली. दगड मोकळा होता, कुंपणापलीकडं कुणी नव्हतं. तेच स्टेशन, ज्यानं त्याच्या बापाचा घास तोडला होता. आदिनाथचा हुंदका फुटला. पण बानाबाई पुढं वाकून त्या मोकळ्या दगडाकडं नीट, समाधानानं बघत होती.

"गेले दोघं बी," ती म्हणाली. "वाघर लावून जेवले असतील आता."

तिनं गाठोड्याची गाठ सोडली. एक भाकरी पोराच्या हातात दिली, एक स्वतः घेतली, आणि मल्हारराव गेल्यापासून पहिल्यांदा संध्याकाळी घास मोडला. रडत रडत आदिनाथनंही मोडला. गाडी त्यानं पुढं सोडली नाही. ती सावरखुट्यालाच उभी राहिली.